स्वस्तातला ७७ मिमी यूव्ही फिल्टर: टेलिफोटोवर नकोच

लेन्स घेतली की दुकानदार हमखास विचारतो, ‘यूव्ही लावून देऊ ना, काचेला प्रोटेक्शन?’ यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची, अतिनील किरण अडवणारी काच. माझ्या कॅनन १००-४०० या टेलिफोटो (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर असाच एक ७७ मिमी व्यासाचा, पाचशेच्या आतला फिल्टर बसला. नाव सांगून उपयोग नाही, तसलेच फिल्टर भलत्याभलत्या नावांनी सगळीकडे विकले जातात. पाचपैकी एक तारा, तोही फक्त आटे नीट बसतात म्हणून.

भिगवणला कुंभारगावच्या होडीतून काढलेले फ्लेमिंगो घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिले. लख्ख ऊन, शटर १/२००० सेकंद, पक्षी जागच्या जागी उभा. तरी डोळ्याचा पिवळा रंग बाहुलीत मिसळलेला आणि मागच्या गवताची प्रत्येक काडी दुहेरी! नुसता फोकस चुकला असता तर पुढे-मागे कुठेतरी शार्प जागा सापडली असती. इथे अख्ख्या फोटोत नव्हती.

मग ट्रायपॉड लावून भिंतीवरच्या वर्तमानपत्राचे फिल्टरसह आणि फिल्टरविना फोटो काढले. झूम १०० मिमीला असताना फरक शोधावा लागतो. ४०० ला मात्र छोट्या जाहिरातींचा मजकूर फिल्टरमधून नुसता काळपट पट्टा दिसतो. फिल्टर काढला की जोडाक्षरंसुद्धा सुटी वाचता येतात. ऑटोफोकसचंही तेच. फिल्टर असताना दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायचा, काढल्यावर मुकाट एका जागी.

कारण सरळ आहे. डीएसएलआरचा (आतल्या आरशाच्या कॅमेऱ्याचा) फेज डिटेक्शन फोकस लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश जुळवून अंतर ठरवतो. फिल्टरची काच सपाट नसेल तर दोन्हीकडचा प्रकाश वेगवेगळा वळतो आणि हिशेबच चुकतो. फोकल लेंथ (ते १०० ते ४०० मिमी) जितकी जास्त, तितका हा दोष उघडा पडतो. त्यात कोटिंग (चमक कमी करणारा थर) नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते. सूर्य समोर असला की फोटोवर साय धरल्यासारखी होते. दुकानातच ट्यूबलाइटखाली फिल्टर तिरका धरून बघा: प्रतिबिंब पांढरंफटक दिसलं तर ठेवून द्या, चांगल्या मल्टिकोटेडमध्ये ते अंधुक, हिरवट किंवा जांभळट दिसतं.

मित्राचा होया कंपनीचा मल्टिकोटेड फिल्टर लावून त्याच वर्तमानपत्रावर पाहिलं, फरक मला तरी दिसला नाही. किंमत कित्येक पट, पण कोकणात खाऱ्या वाऱ्यात उभं राहायचं असेल तर तसलाच घ्या. एरवी हुड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी) पुरतो. यूव्हीची गरज फिल्मच्या काळातली. डिजिटल सेन्सरसमोरची काच ते काम आधीच करते.

पोलरायझर फिल्टरची गोष्ट वेगळी, पाण्यावरची चमक मारायला तो लागतोच. डीएसएलआरसाठी सर्क्युलरच मागा, लिनिअरने मीटरिंग (उजेड मोजणं) आणि फोकस दोन्ही गंडू शकतात. तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो, त्यामुळे एफ/५.६ च्या, म्हणजे मुळातच कमी प्रकाश घेणाऱ्या लेन्सवर ऊन उतरलं की ऑटोफोकस चाचपडायला लागतो. अशा वेळी मी तो काढूनच ठेवतो.