सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या चाचण्या: साधा असर्ट की स्वतःचा मॅक्रो?
असर्ट, म्हणजे दिलेली अट खरी आहे का ते तपासणारी सीमधली तयार सोय, हाताशीच असतो; एक हेडर फाइल जोडली की झालं. पण पहिली चाचणी फसताच तो अबॉर्ट करतो, म्हणजे प्रोग्रॅमच बंद पाडतो; पुढच्या चाचण्या धावतच नाहीत. त्यातून एनडीबग (असर्ट बंद करणारं नाव) डिफाइन केलेलं असेल तर असर्ट गायबच; सगळं आपलं ‘पास’!

स्वतःचा मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी वापरल्या जागी भरला जाणारा कोडचा तुकडा, लिहावा लागतो, पण तो अपेक्षित आणि प्रत्यक्ष किंमत छापतो, अपयश मोजतो आणि पुढे जातो. हेच साध्या फंक्शनने केलं तर ओळ क्रमांक फंक्शनच्या आतला दिसतो, मॅक्रोत चाचणीचा. खोच एकच: आर्ग्युमेंट (मॅक्रोला दिलेली किंमत) मॅक्रोत दोनदा आलं तर ‘आय प्लस प्लस’ (आय एकने वाढवणं) हेही दोनदा चालतं. म्हणून किंमत आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावी.

छोट्या प्रोग्रॅमला मी अजूनही असर्टच वापरतो.