मंगल कार्यालयाच्या जुन्या सेप्टिक टाक्या कायमच्या बंद केल्या, त्याला नऊ महिने झाले

पौषात लग्नं नसतात. कार्यालय रिकामं असतं, जमीन कोरडी असते. म्हणून यंदाच्या पौषात आम्ही सासऱ्यांनी 1994 मध्ये बांधून घेतलेल्या सेप्टिक टाक्या बंद केल्या. त्यानंतर उन्हाळ्यातली अख्खी लग्नसराई गेली, एक पावसाळाही गेला. काय टिकलं, काय चुकलं, हे आता खात्रीने सांगता येईल.

आमचं गाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 11 गावांपैकी एक. ड्रेनेज लाइन दारापर्यंत यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. तोवर आठशे पानांचं लग्न असलं की शोषखड्डा तुंबायचा आणि रात्री मैल्याची गाडी बोलवावी लागायची. शेवटी जोडणी मिळाली. मग जुन्या टाकीचं काय करायचं, हा प्रश्न आला. आसपासच्या दोन-तीन व्यावसायिकांना विचारलं तर कुणीच काही केलेलं नव्हतं. पाइप नव्या चेंबरला वळवला, झाकणावर फरशी टाकली, संपलं. आमच्या टाकीवरच पाहुण्यांच्या गाड्या लागतात. तीस वर्षं गॅस खाल्लेला स्लॅब आणि खाली पोकळी. गॅसने आतून सळ्या कुजतात, वरून मात्र काहीच दिसत नाही. ते तसंच ठेवणं मला पटलं नाही.

पहिला ठेकेदार आला, झाकण बघून म्हणाला, “ताई, दोन पोरं उतरवतो, अर्ध्या दिवसात तळ साफ. मग राडारोडा टाकून बुजवू. पंचेचाळीस हजार.” पोरं बाहेर टेम्पोजवळ उभी होती. विशीतली असतील. मी त्यांना चहा दिला आणि ठेकेदाराला नाही म्हणून सांगितलं.

हे मी पैशापेक्षा मोठं मानते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. मिथेन वेगळाच. हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. एक जण उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. 2022 मध्ये वाघोलीत आणि लोणी काळभोरला अशाच टाक्यांमध्ये माणसं गेली. दोन्ही आमच्याच तालुक्यातली गावं. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती थेट कामाला लावणाऱ्याला आहे तशी दुसऱ्यामार्फत लावणाऱ्यालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. “ठेकेदाराने उतरवलं, मला माहीत नव्हतं” असं म्हणून जागेच्या मालकाने हात झटकू नयेत. कायद्याचं सोडा, ती पोरं आपल्या अंगणात आलेली असतात.

दुसऱ्या ठेकेदाराने सुरुवातच प्रश्नांनी केली: टाक्या किती, नकाशा आहे का, बोअर कुठे? आमच्या जुन्या नकाशात एकच टाकी होती. सासऱ्यांच्या वेळचे गवंडीमामा अजून गावात आहेत, त्यांना बोलावलं. ते थेट मागच्या शेडमध्ये गेले, काठी आपटली आणि म्हणाले, “सूनबाई, इथं पण एक हाय. पहिली छोटी पडली म्हणून नंतर बांधली.” ही ती जागा, जिथे लग्नाच्या दिवशी आचारी भट्ट्या लावतात. इतकी वर्षं मिथेनच्या टाकीवर आमची जिलेबी तळली जात होती. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. तुमची इमारत जुनी असेल तर कागदावर विसंबू नका, जुना माणूस शोधा.

काम चार दिवस चाललं. आधी शेडमधले सिलिंडर हलवले, बिडी-काडी बंद केली, झाकणं उघडून रात्रभर तशीच ठेवली. भोवती पत्रे लावून राखणदार बसवला, कारण उघडी टाकी हाही धोकाच. सकाळी गॅसचं मीटर दोरीने आत सोडलं. तोंडापाशी ऑक्सिजन जवळपास बाहेरच्या हवेइतका होता, तळाशी 14 टक्के. बाहेर तो 20.9 असतो. त्याहून महत्त्वाचं मला पुढे दिसलं. गाडीने वरचं पाणी ओढलं आणि तळाच्या घट्ट गाळावर जोरात पाणी मारलं, तसा मीटरचा भोंगा वाजायला लागला. गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो. म्हणजे सकाळी मोजून “सगळं ठीक” म्हणणं पुरेसं नाही.

तळाचा गाळ चिकणमातीसारखा झाला होता. पाणी मारायचं, ओढायचं, परत मारायचं. मोठ्या टाकीला गाडीच्या चार खेपा लागल्या. प्रत्येक खेपेला मैला प्रक्रिया केंद्रावर उतरवल्याची पावती मागून घेतली. ती मागितली नाही तर मैला कुठल्या ओढ्यात जातो, हे आपल्याला कधीच कळत नाही.

मग टाकीत सगळीकडे चुना टाकला. जेसीबीच्या ब्रेकरने वरचा स्लॅब फोडून काढला आणि तळाला ठिकठिकाणी भोकं पाडली. हे बाहेर उभं राहूनच होतं. भोकं महत्त्वाची, नाहीतर बुजवलेल्या टाकीत पावसाचं पाणी बादलीसारखं साचून राहतं. जुने पाइप काँक्रीटने बंद केले. भरावाला राडारोडा घेऊ दिला नाही, कारण मोठ्या ढेकळांच्या मध्ये पोकळ्या राहतात. मुरूम घेतला, थर देत, पाणी मारत, वरून यंत्राने आणि कडेला धुम्मसाने ठोकत भरला. शोषखड्डाही तसाच बुजवला.

सगळं मिळून 1 लाख 90 हजार रुपये लागले. पहिल्या भावाच्या चौपट. मला ते महाग वाटत नाहीत.

आता चुकलेल्या गोष्टी. जुलैच्या मोठ्या पावसात मागच्या टाकीचा एक कोपरा दोन इंच खचला. शेवटच्या दिवशी काम उरकायच्या घाईत तिथे थर जाड टाकले होते, मी स्वतः बघत होते आणि बोलले नाही. पेव्हर ब्लॉक काढून परत मुरूम ठोकला, तेव्हापासून जागा हललेली नाही. वर लगेच काँक्रीट ओतलं असतं तर खाली पोकळी झाली तरी कळली नसती. म्हणून पहिला पावसाळा पेव्हरच ठेवावेत.

दुसरी चूक जास्त त्रासाची. टाकीबरोबर तिच्यातला गॅस वर सोडणारा जुना पाइपही काढून टाकला. मार्चमध्ये महिलांच्या स्वच्छतागृहात घाण वास सुरू झाला. तोच पाइप सगळ्या लाइनला हवा देत होता. हवा नसली की एका वेळी तीन-चार फ्लश झाल्यावर ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाइपच्या वाकड्या भागात साठलेलं पाणी ओढलं जातं आणि ड्रेनेजचा वास सरळ आत येतो. नवा पाइप छतापर्यंत नेला, वास गेला. हे कामाआधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम सांगते.

एप्रिलमध्ये ऐन लग्नात लाइन तुंबली. पूर्वी बाळांचे डायपर, नॅपकिन सगळं टाकीत जाऊन बसायचं, आता ते पाइपमध्ये अडकतं. एका वळणावर उतारही कमी पडला होता, तो तुकडा बदलला. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवला. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी आधी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून जातं, तो दर लग्नानंतर साफ होतो. आचाऱ्यांना हे कटकटीचं वाटतं, पण माझा त्यात आग्रह आहे.

बोअरचं पाणी कामाआधी तपासलं होतं, त्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैला मिसळल्याची शंका आणणारे जंतू निघाले होते. सप्टेंबरमध्ये परत तपासलं, आले नाहीत. श्रेय पूर्णपणे टाकी बंद करण्याला देणार नाही, मध्ये बोअरची टाकीही धुतली होती. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तपासणार आहे.

एका फाइलमध्ये फोटो, पावत्या आणि नवा नकाशा ठेवला आहे. दोन्ही टाक्या कोणत्या भिंतीपासून किती फुटांवर होत्या, खोली किती, आत काय भरलं, सगळं त्यात आहे. गवंडीमामांच्या आठवणीवर आम्ही वाचलो, पुढच्या माणसाला तशी वेळ येऊ नये.

तुळशीचं लग्न झालं की पहिलं बुकिंग आहे, साडेसहाशे पानांचं. त्याआधी सगळी चेंबरं उघडून बघायची आहेत.