फुकटच्या व्हर्च्युअल मशीनसाठी दोनदा मोजलेले पैसे

फोंड्यात आमचे घाऊक किराणा मालाचे दुकान आहे. उधारीचे खाते ठेवण्यासाठी वडिलांनी 1990 च्या दशकात एका प्रोग्रामरकडून विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्राम करून घेतला होता आणि तो जुन्या संगणकावर, विंडोज एक्सपीवर, कधी अडला नाही. 2024 मध्ये तो संगणक बंद पडला. नव्या संगणकावर विंडोज 11 होते. आमचा प्रोग्राम 16-बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा, आणि विंडोज 11 सारख्या 64-बिट विंडोजवर असे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

संगणक दुरुस्तीसाठी नेहमी येणाऱ्या गृहस्थाने सांगितले की व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर घेतले, तर संगणकाच्या आतच दुसरा संगणक असल्यासारखे एक्सपी चालेल. हे खरेच होते. मात्र त्याने पुढे सांगितलेली, सॉफ्टवेअरचा व्यावसायिक परवाना वर्षाला 9,500 रुपयांचा असल्याची गोष्ट निखालस खोटी होती. मी पैसे दिले. पुढच्या जूनमध्ये नूतनीकरणाचे 5,500 रुपये त्याने मागितले. ते न भरल्यास मशीन उघडणार नाही, असेही सांगितले. सारी उधारी त्या मशीनमध्ये असल्याने मी घाबरून तेही दिले.

चवथीला घरी आलेल्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतणीने ते सहज पाहिले. दुरुस्तीवाल्या गृहस्थाने डेस्कटॉपवर ठेवलेल्या शॉर्टकटमुळे एक्सपी थेट पूर्ण पडद्यावर उघडत असे, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअरची खिडकी मी कधी पाहिलीच नव्हती. पुतणीने ती उघडली आणि म्हणाली, "काका, हे व्हर्च्युअलबॉक्स आहे. याला पैसे लागत नाहीत."

व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त स्रोत परवान्याखाली असून दुकानातही विनामूल्य वापरता येतो. त्याला जोडण्याचा एक्स्टेन्शन पॅक मात्र केवळ व्यक्तिगत आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे; व्यवसायासाठी त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. त्या गृहस्थाने तोही गरज नसताना बसवला होता. म्हणजे जिथे पैसे लागत नव्हते तिथे त्याने घेतले, आणि जिथे परवाना लागत होता तिथे मला नकळत नियमाबाहेर उभे केले. आत चालवायच्या विंडोजलाही स्वतःचा परवाना असावा लागतो; आमच्या मशीनमधले एक्सपी चोरीच्या परवाना-कीवर चाललेले निघाले. त्याने बसवून देण्याची मजुरी म्हणून दोन हजार मागितले असते, तर मी आनंदाने दिले असते.

पर्याय एवढाच होता असेही नाही. नोव्हेंबर 2024 पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे असेच सॉफ्टवेअर व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. विंडोज 11 प्रो असल्यास हायपर-व्ही ही तशीच सोय त्यातच मिळते; आमच्याकडची होम आवृत्ती असल्याने ती उपलब्ध नव्हती. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी केव्हीएम ही सोय 2007 पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. कोणतेही घ्यायचे असो, ते निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः उतरवावे आणि परवान्याचे पान वाचावे; मी ते वाचले असते तर 15,000 रुपये वाचले असते.

याहून गंभीर बाब पुतणीला नंतर दिसली. त्या गृहस्थाने "बॅकअपची गरज नाही, स्नॅपशॉट आहेत" असे सांगितले होते. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची एखाद्या क्षणीची जतन केलेली स्थिती. पण तो मशीनच्या मूळ फायलीवरच अवलंबून असतो आणि आमच्याकडे ते सर्व एकाच हार्ड डिस्कवर होते. ती डिस्क गेली असती तर वडिलांच्या काळापासूनची खाती त्याच क्षणी गेली असती. आम्ही त्याच दिवशी मशीन बंद करून तिच्या सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. सुरक्षा सुधारणा 2014 मध्येच थांबलेल्या एक्सपीचे इंटरनेटही तोडले, कारण त्या प्रोग्रामला नेटची गरजच नाही.

तो गृहस्थ आता फोन घेत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा पावत्या पुन्हा काढून पाहिल्या. दोन्हींवर सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नाही. फक्त "संगणक सेवा" आणि रक्कम.