नऊ दिवस, एकही गोळी नाही: शिकारीच्या लपणतंबूचे परीक्षण

खरेदीच्या संकेतस्थळांवर शिकारीच्या साहित्याची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुतेक शिकार मिळालेल्यांनी लिहिलेली असतात. मोठ्या शिंगांचा नर हाती लागला की तंबू उत्तम, खुर्ची उत्तम आणि बूटही उत्तम ठरतात. हे परीक्षण मात्र रिकाम्या हाताने परतलेल्या बाईचे आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील हरणांच्या शिकारीच्या गेल्या हंगामाचे नऊही दिवस मी एका घडीच्या लपणतंबूत बसून काढले आणि एकही गोळी झाडली नाही. तरीही, किंवा त्यामुळेच, या तंबूविषयी बोलण्याचा मला काहीसा अधिकार आहे असे वाटते, कारण हरीण समोर आले की माणूस थंडी, कंबर आणि पाय तिन्ही विसरतो आणि वस्तूचे दोष त्याला जाणवतच नाहीत. खरी पारख हरीण येत नाही त्या दिवशी होते.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय खटकेल याची मला जाणीव आहे. इथे विस्कॉन्सिनमध्ये ती परवान्याने, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या मर्यादेत चालते, आणि मांस घरी खाण्यासाठीच आणले जाते. बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होऊन नंतरच्या रविवारी संपतो, आणि त्या नऊ दिवसांसाठी राज्यात पाच लाखांहून अधिक लोक परवाना घेतात. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मी ते केले, आणि गेली चार वर्षे ब्लॅक रिव्हर स्टेट फॉरेस्ट या सरकारी जंगलातल्या ओक आणि जॅक पाइनच्या रानात जाते.

ज्याला इकडे ‘ग्राउंड ब्लाइंड’ म्हणतात, तो हा तंबू. चार भिंती आणि छत, प्रत्येकाच्या मध्यभागी एक गाठ आणि त्या गाठीतून चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या फायबरग्लासच्या लवचीक काड्या, अशी त्याची रचना असते. गाठीचा पट्टा बाहेर ओढला की भिंत ‘टप्’ आवाज करून ताठ होते. आतून कापड काळे असते, म्हणजे आत बसलेला माणूस अंधारात मिसळून जातो, पण ही युक्ती मागची खिडकी बंद असेल तरच चालते, कारण मागून उजेड आला की आतल्या माणसाची आकृती बाहेरून स्पष्ट उमटते. मी घेतलेल्या तंबूचे वजन सुमारे सात किलो असून, सोबत एक तीन पायांचे स्टूल मिळाले. किंमत 200 डॉलरच्या आसपास होती. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी या प्रकारच्या सगळ्याच तंबूंना कमीअधिक लागू आहेत.

वजनाचा मुद्दा जाहिरातीत शेवटी येतो, पण माझ्यासारख्या सरकारी जमिनीवर बसणाऱ्यांसाठी तो पहिला आहे. खासगी शेतावर तंबू हंगामाआधी दोन-तीन आठवडे उभा करून ठेवता येतो आणि हरणांना त्याची सवय होते. मी बसते तेथे दिवस संपला की तो काढून न्यावा लागतो. म्हणजे रोज पहाटे कपाळावरच्या लाल दिव्याच्या उजेडात तो उभारायचा आणि रोज अंधार पडल्यावर घडी घालायची. उभारण्याला पहिल्या दिवशी बारा मिनिटे लागली, चौथ्या दिवसापासून पाच. घडी घालण्याबद्दल मी न बोललेलेच बरे. ज्या पिशवीतून तंबू आला, त्या पिशवीत तो पुन्हा फक्त कारखान्यातच जात असावा. तिसऱ्या दिवसापासून मी तो दोरीने बांधून खांद्यावर टाकला.

नव्या कापडाला रसायनाचा वास असतो, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे नाक हेच त्याचे पहिले हत्यार आहे. हे ऐकून होते म्हणून मी तंबू तीन आठवडे अंगणात उघडा ठेवला. वास पुष्कळ गेला. जो राहिला त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून बसणे. चार भिंतींमुळे माणसाचा वास आत कोंडून राहतो अशी जी समजूत दुकानात करून दिली जाते, ती खिडकी उघडताच संपते.

आणखी एक उणीव कायद्याच्या बाजूने आहे. बंदुकीच्या हंगामात सरकारी रानात असा तंबू लावला तर त्यावर किमान 144 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग चारही दिशांनी दिसला पाहिजे. (गुलाबी रंगाला 2016 पासून परवानगी आहे. ती बायकांसाठी दिली असे म्हणतात, मी मात्र नारिंगीच वापरते.) हरणाला नारिंगी रंग भडक दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो आणि त्यानेच जीव वाचतो. असे असताना दोनशे डॉलरच्या तंबूसोबत चार रुपयांची नारिंगी पट्टी देऊ नये, हे मला पटलेले नाही. मी जुन्या जाकिटाचे कापड छताभोवती शिवून घेतले.

आता बसण्याविषयी. स्टूल पहिल्याच दिवशी नापास झाले. त्याचे तीन बारीक पाय त्या भागातल्या वाळूमिश्रित जमिनीत रुततात, उंची इतकी कमी की गुडघे छातीशी येतात, आणि पाठीला आधार नाही. सूर्योदयापूर्वी अर्धा तास नेम धरण्याची मुभा सुरू होते, म्हणजे त्याच्याही आधीपासून तुम्ही बसलेले असता. नऊ वाजेपर्यंत माझा पाय बधिर झाला, मी तो हलवला, आणि पायाखालची ओकची वाळकी पाने वाजली. तेव्हा शंभर पावलांवर दोन माद्या होत्या. माझ्याकडे त्या क्षेत्रासाठी केवळ शिंगवाल्या नराचा परवाना होता, त्यामुळे नुकसान काही झाले नाही, पण त्या मान वर करून तंबूकडे पाहत राहिल्या आणि मग पांढऱ्या शेपट्या उभारून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पाठ असलेली घडीची खुर्ची नेली, आतली पाने हाताने बाजूला करून माती उघडी केली आणि पायाखाली जुनी योगासनाची चटई घातली. तंबूला तळ नसतो, आणि थंडी वरून नव्हे तर जमिनीतून बुटात चढते. एवढे केल्यावर मी सलग चार तास हलले नाही. धीर धरणे हा स्वभावाचा भाग असेल, पण माझ्या बाबतीत तो अर्धा तरी खुर्चीचा निघाला.

तिसरा दिवस मला विसरायचा आहे, पण परीक्षणात तो सांगणे भाग आहे. या तंबूच्या खिडक्या वेल्क्रोने बंद होतात. समोरच्या दोन खिडक्या उघड्या होत्या, डावीकडची वाऱ्यामुळे बंद होती. सकाळी आठच्या सुमारास डाव्या अंगाला काटकी मोडल्याचा आवाज झाला. फटीतून पाहिले तर नर होता, आणि दुर्बिणीची गरज पडू नये इतकी त्याची शिंगे स्पष्ट होती. मी खिडकीचा कोपरा बोटभर सोडवला, आणि त्या शांततेत वेल्क्रोचा जो टरकन आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. नर फुरफुरला, एका उडीत दिसेनासा झाला. लोहचुंबकाच्या किंवा आकडा-रबराच्या खिडक्या असलेले तंबू याच किमतीत मिळतात. घेणाऱ्याने एवढी एकच गोष्ट पाहिली तरी चालेल.

चौथ्या दिवशी काहीच आले नाही. पाचव्या दिवशी वारा होता. मेखा गोठलेल्या मातीत धड शिरल्या नव्हत्या, एका झोताने उत्तरेकडची भिंत आत दबली आणि एक काडी तडकली. चिकटपट्टी गुंडाळून पुढचे दिवस निभावले. विक्रेत्याला त्याच संध्याकाळी पत्र लिहिले होते. उत्तर नम्र होते, पण ते हंगाम संपल्यावर आले.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, उणे 11 अंश सेल्सियस तापमान होते. माझा श्वास छताच्या आतल्या बाजूला गोठला आणि ऊन आल्यावर त्याचे थेंब मानेवर पडू लागले. हा दोष कोणत्याही बंद तंबूचा आहे, वरची झडप थोडी उघडी ठेवली तर तो कमी होतो. कंपनीच्या चित्रात आत गॅसची शेगडी दाखवली आहे. कार्बन मोनॉक्साइडचा विचार करून मी ती नेली नाही, हात गरम ठेवणाऱ्या लोहचूर्णाच्या पुड्या नेल्या. त्यांना हवा लागते, त्यामुळे बुटात त्या लवकर निवतात, खिशात चांगल्या चालतात. खाण्यासाठी चिवडा नेण्याची चूक कोणी करू नये. त्याची पिशवीही वाजते आणि दातही वाजतात. थालीपीठ मऊ असते, कापडात गुंडाळता येते.

आठव्या दिवशी संध्याकाळी एक तरुण नर आला. कायद्याने निदान एक शिंग तरी तीन इंचांचे हवे, आणि मावळत्या उजेडात मला ते खात्रीने दिसेना. मी बंदूक उचलली नाही. तो तंबूपासून वीस पावलांवर उभा राहून ओकची फळे खात होता, आणि त्याला माझा पत्ता नव्हता, हे श्रेय मात्र मी तंबूच्या काळ्या अस्तराला पूर्ण देते. लहानपणी वैशाखी पौर्णिमेला वडिलांबरोबर मेळघाटात मचाणावर रात्र काढली होती, तेव्हा पाणवठ्यावर सांबर आले होते. त्यानंतर इतक्या जवळून हरणाला चरताना मी पाहिले नव्हते. घरी गेल्यावर नवऱ्याने रोजच्याप्रमाणे विचारले, “आज काय आणलंस?” मी म्हटले, “तंबू.”

पाचपैकी तीन तारे. स्वतःच्या शेतावर एकदा उभा करून हंगामभर ठेवणाऱ्याने चार समजावेत, रोज वाहून नेणाऱ्याने अडीच. मी तो परत केलेला नाही. नवी काडी आली आहे, स्टूल अंगणात कुंडीखाली आहे, आणि खिडक्यांचे वेल्क्रो उसवून मी तिथे जाड बटणे आणि रबरी फासे शिवले आहेत.