सदरमधील बायबल अभ्यासवर्ग: एका जिज्ञासूचा अभिप्राय

नागपुरात सदर भागात शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या या चार आठवड्यांच्या वर्गाला मी, जन्माने ख्रिस्ती नसूनही, ‘बायबल कोणी लिहिले’ एवढ्याच कुतूहलापोटी गेलो, आणि पहिल्या दोन बैठकांनी ते चांगलेच भागवले. परंपरेने मोशे या यहुदी संदेष्ट्याच्या नावावर असलेल्या बायबलच्या पाच पुस्तकांच्या शेवटी, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात, मोशेच्याच मृत्यूचे वर्णन येते. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या येशू व त्याच्या अनुयायांविषयीच्या भागातले, रोमकरांस पत्र प्रेषित पौलाचे, पण ते लिहून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःचे नाव सांगून सलाम पाठवतो. इब्री लोकांस पत्रात तर लेखकाचे नावच नाही. शिक्षकांनी हे सारे आडपडदा न ठेवता मांडले.

बायबल ईश्वरप्रेरणेने लिहिले गेले, या विषयावरची बैठक मात्र उणी पडली. तीमथ्याला दुसरे पत्र, 3:16 हे वचन, ज्यातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देवाने श्वास फुंकलेले’ असा होतो, तेच पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. ग्रंथाची साक्ष ग्रंथानेच कशी द्यावी, आणि ते वचन लिहिले गेले तेव्हा नवा करार आजच्या रूपात संकलित तरी कुठे होता, असे मी विचारले, तेव्हा घड्याळाकडे पाहिले गेले. आपण शोध घेऊन लिहीत असल्याचे येशूचे चरित्र लिहिणारा लूक आरंभीच सांगतो. प्रेरणा म्हणजे शब्दशः श्रुतलेखन नव्हे, हा मुद्दा तेथून सहज मांडता आला असता.

टिपणांच्या झेरॉक्स प्रती फिक्या होत्या. चहा उत्तम. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या मराठी भाषांतरावर अवघी दहा मिनिटे मिळाली, याची हळहळ वाटते.