कॅनन आरएफ १००-४०० : कुंपणाबाहेरून एक अख्खा रेसिंग सीझन

आधी लेन्सची जुजबी माहिती, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. कॅनन आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आयएस यूएसएम. २०२१ मध्ये बाजारात आली. वजन ६३५ ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा. मी ती ईओएस आर७ कॅमेऱ्यावर लावतो, त्याच्या लहान सेन्सरमुळे (१.६ चा क्रॉप) पल्ला १६० ते ६४० मिमीसारखा मिळतो. गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती बघायला तिकीट काढून जाणाऱ्या, गळ्यात प्रेसचा पास नसलेल्या माणसाने कोणती टेलिफोटो घ्यावी, असं मला आज कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. रात्रीचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईलच.

मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो. आयफेलच्या डोंगरातलं न्यूरबुर्गरिंग, म्हणजे शर्यतींचा ट्रॅक, इथून गाडीने तास-सव्वा तासावर. मार्चमध्ये लेन्स घेतली आणि २०२५ चा सीझन तिच्यावरच काढला: एनएलएसच्या (न्यूरबुर्गरिंगवरची लांब पल्ल्याच्या शर्यतींची मालिका) चार-चार तासांच्या शर्यती, जूनमध्ये न्यूरबुर्गरिंगचे २४ तास, त्याच्याच पुढच्या आठवड्यात बेल्जियममध्ये स्पाचे २४ तास, मग परत एनएलएस.

हलक्या लेन्सचं महत्त्व कळायला हा ट्रॅक कसा आहे ते आधी बघावं लागतं. २४ तासांच्या शर्यतीसाठी जुनी नॉर्डश्लाइफ आणि नवा ग्रां प्री ट्रॅक जोडतात, तेव्हा एक फेरी २५.३७८ किलोमीटरची होते. एका जागी बसून सगळं दिसेल असं स्टेडियम हे नाहीच. जंगलातल्या पायवाटा, चढ-उतार, चिखल, आणि मध्येच झाडी संपून डोळ्यासमोर एखादं वळण. फोटो मिळतो तो पायांमुळे. दुपारी उजेड एका बाजूने, संध्याकाळी दुसऱ्या. तुम्हाला हलावंच लागतं. पाठीवर तंबू, पाणी, रेनकोट, खायचं सामान, त्यात अडीच किलोची लेन्स म्हणजे माणूस दुपारनंतर आहे त्या जागेवरच बसतो, असं मी आजूबाजूला बऱ्याचदा पाहिलंय. याच कंपनीची १००-५०० ही फार चांगली लेन्स आहे, पण ती जवळजवळ १.४ किलोची. माझ्या पिशवीत आज मोनोपॉडसुद्धा नसतो, त्याची गरजच उरली नाही.

आता अ‍ॅपर्चर. लेन्समधून उजेड आत येतो ते भोक; एफ/ नंतरचा आकडा मोठा तितकं ते लहान. एफ/८ हा आकडा बघून बरेच जण ही लेन्स बाजूला ठेवतात. रेसिंगच्या बाबतीत मला ते पटत नाही. गाडी पळतेय हे फोटोत दिसायचं तर शटर हळू हवं. सेकंदाच्या १/१००० वर काढलेली जीटी३ (स्पोर्ट्स गाडीची शर्यतीसाठी केलेली आवृत्ती) गाडी रस्त्यावर पार्क केल्यासारखी दिसते. लख्ख ऊन, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० म्हटलं की अ‍ॅपर्चर एफ/१६ वर जातं. १/६० वर त्याच्याही पुढे. म्हणजे एफ/२.८ ची कितीही महागडी लेन्स असती, तरी उन्हात पॅनिंग करताना, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढताना, ती एफ/१६ वरच आवळून ठेवावी लागली असती. खरा त्रास उलट बाजूने येतो. ३२.५ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) फोटो हळूहळू मऊ, कमी रेखीव पडतो. त्यावर मी पोलरायझर लावतो. ६७ मिमीचा चांगला पोलरायझर परवडतो. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा), आणि विंडस्क्रीनवरची आभाळाची चमक कापतो. मग आतलं हेल्मेट, स्टिअरिंगवरचे हातमोजे, कधी कधी ड्रायव्हरचे डोळेसुद्धा दिसतात. या एका फिल्टरने माझ्या फोटोंत जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही.

न्यूरबुर्गरिंगवरच्या ब्रुन्शेन या जागेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन्ही अंगाला गवताचे उंच उतार, मधून रस्ता खाली येतो, उजवीकडे वळतो आणि पुन्हा वर चढतो. माझं गाव मंचरकडचं; तिथला बैलगाड्याचा घाट ज्याने पाहिलाय त्याला ब्रुन्शेनची गर्दी बघताक्षणी ओळखीची वाटेल. दोन्हीकडे माणसांच्या भिंती, आणि शर्यतीतली गाडी दिसायच्या आधी वरच्या लोकांच्या आवाजावरून कळतं की आली. लोक इथे शर्यतीच्या कितीतरी दिवस आधी येऊन मुक्काम ठोकतात. लोखंडी पाइप बांधून मचाण उभारतात, त्यावर घरचे जुने सोफे चढवतात, जनरेटर, दिव्यांच्या माळा, निखाऱ्यावर मांस. कॅमेरा घेऊन उभं राहिलं की कुणीतरी सरकून जागा देतंच.

उतारामुळे ब्रुन्शेनला कुंपणाच्या वरून फोटो मिळतात. बाकी बहुतेक ठिकाणी जाळी असते. जाळीतून काढायचं तर लेन्स तारांना जवळजवळ टेकवायची, ४०० वर ठेवायची आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं. तार इतकी जवळ येते की फोटोतून विरघळून जाते. इथे मात्र एफ/८ ची मर्यादा जाणवते. जाळी दोन-चार मीटर पुढे असेल तर तार दिसत नाही, पण फोटोवर एक करडा पडदा राहतो, आणि तारांवर ऊन असेल तर तो पडदा पांढरा होतो. म्हणून जाळीचा सावलीतला भाग शोधायचा. ऑटोफोकस जाळीत अडकणं हे कुठल्याही कॅमेऱ्यात होतं. गाडी येण्याआधी डांबरावरच्या एखाद्या खुणेवर फोकस करून ठेवला की बरंचसं निभावतं.

लेन्सवर स्टॅबिलायझरचं (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) एकच बटण आहे, चालू किंवा बंद. पॅनिंगचा वेगळा मोड नाही. लेन्स कोणत्या दिशेने फिरतेय ते ओळखून त्या दिशेची भरपाई ती स्वतःच सोडून देते. सपाट सरळ रस्त्यावर हे छान जमतं. जिथे गाड्या तिरक्या खाली उतरतात तिथे मी बटण बंद ठेवतो, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र हाताबरोबर फिरतं ते मला बरं वाटतं. पाय जिथे फोटो काढायचा त्या दिशेला रोवायचे, कंबरेपासून वळायचं, गाडी लांब असतानाच तिच्या एका स्टिकरला धरायचं आणि बटण दाबून झाल्यावरही फिरत राहायचं. १/१२५ वर बरेच फोटो साधतात, १/६० वर थोडे, १/३० वर एखादाच, पण तो एखादा भिंतीवर लावण्याजोगा असतो. इलेक्ट्रॉनिक शटर मी या कामाला वापरत नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे भरधाव गाडीची चाकं तिरपी होतात. मेकॅनिकलचे सेकंदाला १५ फोटो पुरून उरतात.

हौशी माणसाने फॉर्म्युला वनपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत निवडावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण फेरीच्या वेळात आहे. जीटी३ गाडी इथली फेरी साधारण साडेआठ मिनिटांत मारते. म्हणजे हुकलेला फोटो तेवढ्या वेळात पुन्हा तुमच्याकडे चालून येतो, २४ तास. मधल्या वेळात शंभरावर गाड्यांचा ताफा जात असतो. त्यात कोट्यवधींच्या पोर्शे, बीएमडब्ल्यू, लॅम्बोर्गिनी, आणि त्यांच्याच मागे डाचिया लोगानसारखी साधी घरगुती गाडी, जिला पहिल्या नंबरच्या गाडीइतक्याच टाळ्या पडतात. एकच गाडी धरायची आणि तिला शनिवारी दुपारी, तिन्हीसांजेला आणि रविवारी सकाळी त्याच वळणावर टिपायचं, हा माझा आता ठरलेला उद्योग आहे.

त्या रविवार सकाळच्या फोटोंसाठी तरी ही लेन्स जवळ असावी. ४०० वर गाडी चौकटभर येते आणि रात्र तिच्या अंगावर दिसते. पुढच्या बंपरवर चिकटलेले किडे, चाकांच्या मागे रबराच्या गोळ्यांचा काळा थर, दिव्यांच्या काचेवर दगडांचे टिचके, बॉनेटच्या कडेला चिकटपट्टीच्या तीन थरांखाली दबलेला तडा. आदल्या दिवशीचे चकचकीत स्टिकर धुळीने राखाडी झालेले. आणि तरी गाडी त्याच वेगात वळणात शिरते.

२०२५ ची न्यूरबुर्गरिंगची २४ तासांची शर्यत मनाला लागेल अशीच झाली. शनिवारी संध्याकाळी पिट लेनमधली (गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात ती गल्ली) वीज गेली आणि शर्यत लाल झेंड्याखाली बराच वेळ थांबली. सामान हलकं होतं म्हणून त्या वेळात मी झाडीतून फ्लान्त्सगार्टनला पोहोचलो. तिथे चढ संपताना गाड्यांची चाकं जमीन सोडतात. या एका जागी मात्र शटर १/१००० च्या वरच हवं. शेवटाला मांथे टीमची हिरवी-पिवळी ९११ क्रमांकाची पोर्शे, लोकांची लाडकी 'ग्रेलो', ट्रॅकवर पुढे होती. पण एका अ‍ॅस्टन मार्टिनशी झालेल्या टकरीबद्दल तिला १ मिनिट ४० सेकंदांचा दंड झाला आणि विजय रोव्हे रेसिंगच्या ९८ क्रमांकाच्या बीएमडब्ल्यूला गेला. तिचे चालक फार्फुस, क्रोन, मार्चिएल्लो आणि केल्विन व्हान डर लिंडे. चौघांनीही तो कमावलेलाच होता, पण आमच्या उतारावर लोक गप्प झाले होते हेही खरं.

त्या शनिवार-रविवारी ऊन कडक होतं. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, आणि दरीपलीकडची गाडी ४०० वर कितीही नेमका फोकस केला तरी पाण्यात बुडल्यासारखी येते. त्याला लेन्स बदलून उपयोग नाही. दुपारी जवळच्या वळणावर जायचं, लांबचे फोटो सकाळसाठी ठेवायचे.

रात्र. एफ/८, १/६०, आयएसओ १२८०० असं केलं तरी गाडीचा रंग अंधारातच राहतो. तिथे ही लेन्स कमी पडते, सरळ सांगतो. पण ही शर्यत २१-२२ जूनला होती. सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि साडेपाचच्या आत उगवतो. अंधाराचे तास थोडेच. त्या वेळात मी ३५ मिमी एफ/१.८ लावतो आणि ट्रॅककडे पाठ करून शेकोट्या, मचाणं, चेहऱ्यावरून सरकणारा हेडलाइटचा उजेड टिपतो. किंवा छोट्या ट्रायपॉडवर दिव्यांच्या रेषा. १००-४०० रात्री एकाच कामाला काढतो: स्पाला ला सूर्सच्या वळणाआधी जोरात ब्रेक लागतात तेव्हा चाकाच्या आतली डिस्क लालबुंद होते. ती स्वतःच उजेड देते, तिथे एफ/८ चालतं. त्यानंतर कॅमेरा पिशवीत. रात्री दोनला जंगलातून येणारा वेगवेगळ्या इंजिनांचा आवाज नुसता बसून ऐकण्यासाठीच मी इतक्या लांब जातो.

पावसाचं लक्षात ठेवा: या लेन्सला वेदर सीलिंग नाही. आयफेलमध्ये एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे नेहमीचं, त्यामुळे प्लास्टिकचं आवरण कायम खिशात ठेवतो. पाऊस पडला की चाकांमागे उडणारे तुषार सोडवत नाहीत, म्हणून आवरण घालून मी उभा राहतोच. सीझनभरात आत कुठे ओल शिरलेली नाही. झूमची रिंग पहिल्यासारखीच मऊ फिरते, धूळही शिरलेली दिसत नाही.

टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोड) या लेन्सला बसतो, पण १.४ ने ४०० वर एफ/११ होतं. या कामाला घेऊ नका, त्या पैशात तिकीट येईल. न्यूरबुर्गरिंगच्या २४ तासांच्या तिकिटावर पॅडॉकमध्येही (टीमचा मुक्काम असतो तो भाग) फिरता येतं, आणि तिथेही ही लेन्स काढा: २०० मिमीवर ती ०.८८ मीटरपर्यंत जवळचा फोकस घेते, त्यामुळे झिजलेल्या टायरचा पोत, हेल्मेटवरचे ओरखडे असं सगळं गर्दीत न घुसता मिळतं. हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं आडोशाचं कडं) खोक्यात येत नाही. मी आधी घेतलेल्या स्वस्तातल्या दुसऱ्या कुणाच्या हूडची खाच दोन महिन्यांत तुटली, तेव्हा हूडवर पैसे वाचवू नका. सेकंडहँड लेन्स मिळत असेल तर सोबत हूड आहे का ते आधी विचारा आणि ४०० वर स्टॅबिलायझर चालू-बंद करून दोन-चार फोटो काढून बघा.