झुकिनी, पॅटीपॅन, बटरनट आणि गावरान डांगर : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पाऊण एकर, मध्यम काळी जमीन, ठिबक, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली लागवड. हिरवी आणि पिवळी झुकिनी, पॅटीपॅन (चकतीसारखा, कोवळा खायचा भोपळा), बटरनट (वॉल्थम वाण, पिकवून साठवायचा भोपळा), अर्का सूर्यमुखी (लहान भोपळ्याचं सुधारित वाण) आणि बांधालगत गावरान डांगर, असे सहा प्रकार लावले होते. साठवलेल्या बटरनटची शेवटची फळं मे महिन्यात संपली, म्हणून हे आत्ता लिहिता येतंय.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. कोवळी तोडायची झुकिनी आणि पिकवून ठेवायचा भोपळा एकाच कुळातले असले तरी पीक म्हणून दोन टोकं आहेत. झुकिनी रोज माणूस मागते, बटरनट जागा आणि वेळ मागतो. घरची दोनच माणसं राबत असतील तर झुकिनी तीन-चार गुंठ्यांच्या वर नेऊ नका.

झुकिनी झुडपासारखी वाढते, वेल पसरत नाही. पाच फुटांचे बेड आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरलं तर गुंठ्याला साधारण शंभर रोपं बसतात. अंतर यापेक्षा कमी केलं की पानं एकमेकांत शिरतात, हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) लवकर येते. बी थेट टोकलं तरी चालतं. ट्रेमध्ये रोप करायचं असेल तर दोन खऱ्या पानांवरच (बीजपानांनंतरची पानं) लावा, कारण मुळं दुखावलेलं रोप पंधरा दिवस तसंच बसून राहतं. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो.

फळ १५ ते २० सेंटिमीटरचं झालं की तोडायचंच. फूल उमलल्यापासून चार-सहा दिवसांत ते त्या मापाला येतं, एक दिवस चुकला की साल जाड होते, आत बी धरतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. शिवाय मोठं फळ झाडावर राहिलं तर पुढच्या कळ्या थांबतात. चाकूने इंचभर देठ ठेवून कापा, पिळून तोडू नका. देठांवर बारीक काटे असतात, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो. पिवळ्या झुकिनीवर नखाचा ओरखडासुद्धा दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन दिसतो, तेव्हा क्रेटमध्ये कागद हवाच. पॅटीपॅन दिसायला देखणं, चकतीसारखं, पण आठवडी बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हॉटेलची मागणी आधी पक्की नसेल तर लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

सगळ्यात जास्त गैरसमज दोन ठिकाणी होतो. पहिला, झुकिनीच्या पानावर शिरांच्या बाजूने येणारे चंदेरी ठिपके. अनेक वाणांत ते मूळचेच असतात. बोटाने चोळा, पांढरी पावडर बोटाला लागली तर भुरी, नाही लागली तर ती भुरी नाही. भुरीवर गंधक मारायचंच असेल तर थंड दिवसांत आणि संध्याकाळी. कडक उन्हात या पिकाची पानं गंधकाने करपतात.

दुसरा गैरसमज फळकुजीचा. बोटाएवढं फळ टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं आणि गळतं. लगेच बुरशीनाशक आणलं जातं. पण बहुतेक वेळा ती परागीभवनाची कमतरता असते. फुलं पहाटे उमलतात आणि दहाच्या आसपास मिटतात, तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान नर फूल (बारीक, सरळ देठाचं) तोडून पाकळ्या काढा आणि केसर मादी फुलात, म्हणजे ज्याच्या मागे इवलं फळ दिसतं त्यात, हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. थंडीत मादी फुलं जास्त आणि नर कमी येतात, डिसेंबरच्या गळीचं एक कारण हेही असतं. सकाळची फवारणी मात्र पूर्ण बंद ठेवा.

फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचे) सापळे लावा, एकरी आठ-दहा. आंब्याचा मिथाईल युजेनॉलचा सापळा या माशीवर काम करत नाही, तरी दुकानातून तोच हातात दिला जातो. डंख लागलेलं फळ बांधावर फेकू नका, अळी मातीत उतरून कोष करते. पिशवीत बंद करून उन्हात ठेवा. रोप लहान असताना लाल भुंगेरे दोन दिवसांत पानांची चाळण करतात, तेव्हा पहिले तीन आठवडे रोज सकाळी नजर हवी. पांढरी माशी आणि मावा विषाणू आणतात. त्यावर औषधापेक्षा बेडवर अंथरायच्या चंदेरी मल्चिंग पेपरचा उपयोग जास्त. पानं आखडलेली, फळावर गाठी आलेली रोपं उपटून टाकावीत, ती सुधारत नाहीत.

आता बटरनट. सात फूट बाय तीन फूट अंतर, गुंठ्याला पन्नासच्या आसपास वेल. एका वेलावर तीन-चार चांगली फळं ठेवा, प्रत्येक किलो-सव्वा किलोचं. काढणीची घाई हीच इथली मोठी चूक. सालीवरच्या हिरव्या रेघा पूर्ण जाऊन रंग मातकट पिवळसर झाला, देठ वाळला आणि नख दाबून आत गेलं नाही, की फळ तयार. यासाठी पेरणीपासून ११० ते १२० दिवस लागले. शेवटचे दहा-बारा दिवस पाणी तोडा. पानं वाळू लागली की उघडं पडलेलं फळ उन्हाने पांढरं भाजतं, त्यावर पाचट टाका. दोन इंच देठ ठेवून कापा, देठ धरून उचलू नका, धुऊ नका. दहा-बारा दिवस हवेशीर सावलीत ठेवल्यावर साल कडक होते. मग एकावर एक न रचता फळीवर मांडा. देठ तुटलेली फळं महिन्याभरात सडली, देठ असलेली तीन महिने टिकली. काढल्यावर तीन-चार आठवड्यांनी गोडी वाढते, घारग्यांना तेव्हाचाच गर घ्यावा.

अर्का सूर्यमुखीचं फळ लहान, किलो-दीड किलोचं, त्यामुळे छोट्या कुटुंबाच्या गिऱ्हाइकाला ते कापून विकावं लागत नाही. फळमाशीचा त्रास यावर कमी होता. गावरान डांगर मात्र पावसाळ्यातल्या लागवडीसाठी राखून ठेवावं, तिथे झुकिनी सडते आणि डांगर तगतं.

बी धरायचं असेल तर जपून. बटरनट आणि गावरान डांगर एकाच प्रजातीचे, शेजारी लावले तर बी हमखास मिसळतं. त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही, पुढच्या वर्षी वेलावर भलतंच काहीतरी येतं. मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधा, नर कळीही बांधा, सकाळी हाताने फलन करून पुन्हा बांधा आणि देठाला खुणेची चिंधी लावा. झुकिनी बहुतेक संकरित असते, तिचं बी धरू नका. आणि कोणतंही फळ कडू लागलं तर ते शिजवूनही खाऊ नका, तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवल्याने जात नाही. विक्रीच्या क्रेटमध्ये ती फळं जाऊ नयेत म्हणून नव्या वेलाचं पहिलं फळ कापून जिभेला लावून पाहावं, कडू लागलं तर थुंकून टाकून तो वेलच काढावा.